ओटी, फळी आणि माझी कंबर

१७ जून १९९८, बुधवार

ही डायरी पंपाच्या कंपनीनं दिलेली, दोन वर्षांपूर्वीची. छापलेल्या तारखा खोडून नव्या घालतो आहे. मला लिहायची हौस नाही. आज कोल्हापूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंबर कधी दुखते, काय केल्यावर दुखते, ते लिहून ठेवत जा, म्हणून बसलो.

तर कंबर दुखते. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते. मी पंपाच्या मोटारींचं रिवायंडिंग करतो. दिवसभर पाटावर बसायचं, मान खाली घालायची आणि जळक्या मोटारीत तांब्याची तार भरायची. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाची कंबर यात दुखणार नाही तर काय होणार? हे सांगायला डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्यातली गादी सरकली आहे म्हणाले.

"पोहता का?" त्यांनी विचारलं.

"कृष्णेच्या काठचा माणूस आहे मी."

"मग पोहा, चांगलं आहे. पण संथ पाण्यात. पुरात उतरायचं नाही. पायाला मुंग्या येतात? बधीर होतो?"

मी नाही म्हटलं. येतात थोड्या मुंग्या. पण ते सांगितलं असतं तर त्यांनी पोहणंच बंद केलं असतं, आणि यंदा ते चालणार नाही. तेव्हा ही डायरी त्यांना दाखवायची नाही. म्हणजे मोकळेपणानं लिहिता येईल.

२१ जून, रविवार

पुरातच कशाला उतरायचं, असं मी निघताना डॉक्टरांनी विचारलं होतं. तेव्हा नीट सांगता आलं नाही.

आमच्या गावात पाणी घाटावरच्या वडाच्या पाराला लागलं की बायका नदीची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. ही ओटी मधल्या धारेत नेऊन सोडायची असते, आणि ती पोहूनच न्यायची. नावेतून टाकली तर ती टाकली म्हणायची, भरली म्हणत नाहीत. न्यायचा मान आमच्या घराचा. आधी वडील न्यायचे, ते गेल्यापासून मी. मला मुलगा नाही. माझ्यानंतर मान कुणाकडे जाणार हे गावानं मनात ठरवून ठेवलं आहे. भावकीतल्या बाळासोचे दोन्ही मुलगे चांगले पोहतात, आणि बाळासो हल्ली भेटला की माझी तब्येत विचारतो.

एक वर्ष चुकलं की मान गेला. असं कुठं लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

नुसतं पोहून यंदा जमणार नाही, हेही मला कळतं. हात मारताना कमरेला पीळ बसतो. काहीतरी आधाराला घ्यावं लागणार. काठावरच्या माणसानं आधार घेऊन पोहायचं म्हणजे आचाऱ्यानं खानावळीचा डबा लावण्यासारखं आहे. पण लालासाब म्हणाला, "पोहून न्यायची हाय न्हवं? पोटाखाली काय घ्यायचं न्हाय आसं कोण म्हणलंय?" लालासाब माझा लहानपणापासूनचा दोस्त. स्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान आहे.

माझी मुलगी वर्षाराणी बारावीला फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. पेढे वाटले. मला आनंद झाला असणार. कंबर फार दुखत होती.

२४ जून, बुधवार

सकाळी लालासाबच्या मळ्यातल्या विहिरीवर गेलो. त्यानं ट्रॅक्टरची ट्यूब आणली होती. तिच्यावर पालथा पडलो की छाती आणि पाय खाली आणि कंबर वर उचललेली. वर बघायला मान उचलली तर अशी कळ आली की तोंडातून शिवी गेली.

मग जीपची ट्यूब. ती छातीखाली बसते, पण कंबर पाण्यात लोंबकळते. तेही दुखतं.

"तुझ्या कमरेच्या मापाची ट्यूब कंपनीला काढाय सांगूया की," लालासाब म्हणाला आणि स्वतःच हसत बसला. मी कपडे घालून परत आलो.

२९ जून, सोमवार

पत्र्याचा डबा. हा पाठीवर बांधतात. बरोबर दुखऱ्या जागेवर बसला. अर्ध्या विहिरीतून परत.

मग सुके भोपळे. ते काखेत बांधून उतरलो तर वर पोरं जमली. आमच्याकडं भोपळा बांधून फक्त शिकाऊ पोरं उतरतात. त्यातल्या एकानं ओरडून मला पाय कसे मारायचे ते सांगितलं. भोपळे लगेच सोडले.

घरी बायकोनं, गंगव्वानं विचारलं, "आवं, हे सगळं कशापायी चाललंय?" मी म्हटलं, व्यायाम. तिनं शेक द्यायला वीट गरम केली. शेकानं जरा बरं वाटतं.

५ जुलै, रविवार

फळी सापडली.

लालासाबच्या बांधावर पांगारा पडला होता. पांगाऱ्याचं लाकूड बुचासारखं हलकं असतं. सुताराकडून दोन फळ्या काढून घेतल्या, एक हातभर आणि एक छातीपासून मांडीपर्यंत येईल एवढी लांब. हातभर फळी चटकन वळते, तरुण माणसाला ती बरी. पण ती छातीखालीच राहते, कंबर खाली जाते आणि दुखतं. लांब फळीवर छाती, पोट, मांड्या सगळं सपाट राहतं. वळायला जड आहे, पण धारेत सरळच जायचं आहे. शिवाय पाय मारावे लागत नाहीत. दोन्ही हातांनी पाणी ओढायचं, पाय नुसते मागे येतात.

लांब फळी नक्की केली. पुढची कड तासून घ्यायची आणि ओटी बांधायला दोन भोकं पाडायची. सुतारानं विचारलं, कशाला? लालासाब म्हणाला, "सायबाला झोपाय."

९ जुलै, गुरुवार

आज विहिरीत पंधरा फेऱ्या. कळ कमी आहे. डाव्या पायातली चप्पल दुकानातून घरी येताना कुठंतरी पडली. घरात आल्यावर वर्षाराणीनं विचारलं, "अप्पा, एकच चप्पल?" मला पत्ताच नव्हता. परत जाऊन बघितलं तर चौकात पडलेली होती. पट्टा सैल झाला असेल.

१४ जुलै, मंगळवार

वर्षाराणीचे केस रोज सकाळी ओले असतात. रोज डोक्यावरून कशाला अंघोळ करायची? सर्दी होईल म्हणून बोललो. गंगव्वा म्हणाली, "पोरगी शिकवणीला जातीया, आंघोळ करून जाऊ नको म्हणता?" बारावी झाली, आता कसली शिकवणी? विचारणार होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

लालासाबही हल्ली सकाळी दुकानात नसतो. विहिरीवर आता संध्याकाळीच ये म्हणतो. सकाळी गुडघे धरतात म्हणे त्याचे. म्हातारा झाला.

१९ जुलै, रविवार

कंबर दुखायची थांबली. आज सकाळी उठलो आणि कळ नाही. पोटरीत नाही, कुल्ल्यात नाही. मी अंथरुणात पडूनच दोनदा कूस बदलून बघितली. काही नाही.

डॉक्टरांची गोळी दहा दिवसांपूर्वीच बंद केली होती. हे फळीचं काम आहे. गंगव्वाला सांगितलं. तिला आनंद झाला नाही. "मग पाय वडत का चालताय?" म्हणाली. ओढत नाही. पायाला एकदा सवय लागली की जायला वेळ लागतो.

सायकलची सीटसुद्धा मऊ वाटायला लागली आहे. आधी त्या सीटवर चार मिनिटं बसवत नव्हतं. आता बसलो आहे की नाही तेच कळत नाही. वर्षभरानं इतकं बरं वाटलं.

बरं वाटलं असं लिहिलं खरं. नुसतं दुखत नाही एवढंच. बाकी काही वाटत नाही.

२३ जुलै, गुरुवार

घाटमाथ्यावर जोरात पाऊस आहे. नदीचं पाणी घाटाच्या तिसऱ्या टप्प्याला आलं. संध्याकाळी घाटावर सगळे बघायला जमले होते. बाळासो चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "बसवेशअण्णा, यंदा जमंल न्हवं? पाठ धरलीया म्हणं. काय आसंल तर आधी सांगा. आमची पोरं हाईत की."

"माझी कंबर ठणठणीत हाय," मी म्हटलं. "तुझ्या पोरांना आधी म्हशी धुवाय शिकीव."

लोक हसले. लालासाब हसला नाही. परत येताना म्हणाला, "बसाप्पा, एका पायावर उभा ऱ्हा बघू."

"कशाला?"

"ऱ्हा की. डाव्या."

रस्त्यावर काय तमाशा करायचा? मी चालू लागलो. हा बाळासोला फितूर झाला की काय, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, झाला असेल तर होऊ दे. त्याचं वाईटही वाटलं नाही.

२७ जुलै, सोमवार

दुकानात व्हार्निश गरम करत होतो. मोटारीची वेटोळी भरून झाली की त्यावर हे ओततात. डब्यातलं थोडं डाव्या पायावर सांडलं. वास आला म्हणून खाली बघितलं, तर अंगठ्याजवळची कातडी पांढरी पडलेली. दुखलं नाही. गंगव्वानं खोबरेल लावलं. लावताना तिनं दुखतंय का म्हणून तीनदा विचारलं. भाजलं मला आणि घाबरली ती.

"चला, कोल्हापूरला जाऊन येऊ," म्हणाली.

"ओटी झाल्यावर."

"ओटी झाल्यावर, ओटी झाल्यावर! ओटी काय तुमच्या पायावर भरणार हाय का?"

इतक्या मोठ्यानं ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. रागवायला हवं होतं, पण राग आला नाही. मी जेवून झोपलो.

३० जुलै, गुरुवार

लघवीला बसलं की वेळ लागतो. झाली असं वाटतं आणि झालेली नसते. वडिलांनाही या वयात असंच होतं. वय.

१ ऑगस्ट, शनिवार

पाणी पाराच्या खाली एक पायरी. उद्या सकाळी लागणार. बाळाबाईनं ओटीची तयारी केली. गावात तिच्याहून वयानं मोठी बाई नाही, म्हणून पहिली ओटी तिची. नवं धोतर आणून ठेवलं. फळीला तेल पाजलं.

वर्षाराणी फळी बघत उभी होती. म्हणाली, "अप्पा, मधल्या धारेत गेल्यावर काय करायचं आसतंय?"

"ओटी सोडायची. हात जोडायचे. यायचं."

"आणि भीती?"

"भीती कशाची?" मी म्हटलं. "मागं बघायचं न्हाय. पाण्याच्या आडवं जायचं न्हाय. येताना वडाच्या खाली शंभर पावलांवर लागायचं." हे सगळं मी तिला कशाला सांगत बसलो कुणास ठाऊक. ती एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेत होती. बायकांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही.

२ ऑगस्ट, रविवार, दुपारी

जीप सांगितली आहे. ती येईपर्यंत लिहितो.

सकाळी पाणी पाराला लागलं. हलगी वाजली, सगळा गाव घाटावर आला. मी नवं धोतर नेसून पायरीवर बसलो होतो, फळी बाजूला उभी. लालासाब शेजारी. बायकांची आरती लांबली. बाळाबाई नेहमीपेक्षा हळू चालते आहे आणि बाळासोचे दोन्ही मुलगे उघड्या अंगानं पाण्याच्या कडेला उभे आहेत, एवढं मी बघत होतो.

लालासाबनं एकदा खाली पायरीकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. मग परत खाली. मला वाटलं, विंचू वगैरे आहे की काय. तोवर तो उठून माझ्यापुढं आडवा उभा राहिला आणि केवढ्यानं तरी ओरडला, "आरं बसाप्पा, अंगावर पाणी घेतल्याबिगर ओटीला हात लावतोस व्हय? चल, आधी अंघोळ!" आणि मला काखेत धरून त्यानं खाली ओढलं. लोक हसायला लागले. मी त्याला शिव्या दिल्या. दोन, तीन, चार पायऱ्या. छातीएवढ्या पाण्यात गेल्यावर तो थांबला.

"सोड!" मी म्हटलं.

माझ्या कानाजवळ तोंड आणून तो म्हणाला, "धोतर भिजलं हुतं तुझं. बसल्या जागी. पायरीवरनं खाली चाललं हुतं."

मला कळेना. "पाऊस कुठं पडलाय?"

"पावसाचं न्हवं, बसाप्पा."

मग कळलं.

मी वर बघितलं. पायरीवरून पाणी आत-बाहेर करत होतं, आता तिथं काही नव्हतं. कुणी काही बघितलेलं दिसलं नाही. सगळे हसतच होते. लालासाबही दात काढून हसत होता, लोकांना दिसावं म्हणून. काखेतला त्याचा हात मात्र घट्ट होता.

"पाणी गार हाय का रं?" मी विचारलं.

"लई गार हाय."

छातीला गार लागत होतं. पोटालाही. त्याच्या खाली पाणी आहे की नाही, ते मला कळत नव्हतं. खाली माझे पाय आहेत की नाही, तेही नाही. फळी आणायला एक पोरगा वर पायरीवर गेला होता. त्या फळीवर मी पालथा पडलो असतो आणि हातांनी पाणी ओढत धारेपर्यंत गेलोही असतो. फळीवरून घसरलो असतो तर पाय मारायला काही उरलं नव्हतं. एवढं मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. भीती वाटायला हवी होती. तीही कमरेखालीच राहिली असावी.

बाळाबाई ओटी घेऊन पाण्याच्या कडेला आली. तिच्या मागं गंगव्वा, आणि गंगव्वाच्या शेजारी वर्षाराणी. वर्षाराणीनं ओढणी कमरेला गच्च बांधली होती आणि वेणी वर खोचली होती. ओटीला जाणाऱ्या बायका अशी वेणी खोचत नाहीत. मी लालासाबकडं बघितलं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"महिना झाला. सकाळी. विहिरीत, मग नदीत. तुझ्यापेक्षा बरी पोहती," तो म्हणाला. "फळी लागत न्हाय तिला."

बाळासो वरून ओरडला, "काय झालं अण्णा? न्हाय म्हणता काय?"

मी म्हटलं, "वर्षे, ये. ओटी घे."

हलगीवाल्यानं हात थांबवला. बाळासो काहीतरी बोलायला लागला, तेव्हा बाळाबाई म्हणाली, "ओटी बायकांची. नदी बाईमाणूस. मग न्ह्यायला बाप्याच कशाला लागतुया? इतकी वर्सं मला ह्येच कळंना झालंय." आणि तिनं ओटी वर्षाराणीच्या डोक्यावर बांधली.

ती गेली. माझ्याजवळून गेली आणि मागं वळून बघितलं नाही, मी सांगितलं होतं तसं. धार तिरकी धरली, हात लांब. मध्ये एकदा डोकं दिसेना झालं आणि लालासाबची बोटं माझ्या काखेत रुतली. मग दिसलं. मधल्या धारेत तिनं ओटी सोडली. नुसते हात जोडून यायचं, तर ही तिथंच पाणी मारत थांबली. केवढा तरी वेळ. लोक कुजबुजायला लागले. मग वळली आणि वडाच्या खाली शंभर पावलांवर बरोबर लागली.

हलगी वाजली. लोक माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होते. पोरीला मान दिला, मोठं मन दाखवलं म्हणत होते. मी छातीएवढ्या पाण्यात दोस्ताला धरून उभा होतो. मोठं मन वगैरे काही नव्हतं.

घरी आल्यावर गंगव्वानं धोतर मागितलं. नदीचं पाणी आहे, वाळत घाल नुसतं, म्हटलं. तिनं दोनदा साबण लावला आणि बाहेर जाऊन जीप सांगून आली.

३ ऑगस्ट, सोमवार, कोल्हापूर

काल इथं येताना वाटेत दोन ठिकाणी रस्त्यावर पाणी होतं. लालासाबनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. चप्पल, व्हार्निश, सीट, पायरी. मी खाली मान घालून बसलो होतो. डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुखायचं थांबलं त्याच दिवशी यायला हवं होतं, एवढंच म्हणाले. नस दाबली गेली आहे, आज ऑपरेशन. पाय परत येतील का, विचारलं. काही येईल, किती ते सांगता येणार नाही, म्हणाले. लघवीचंही तसंच.

गंगव्वा औषधं आणायला खाली गेली आहे. वर्षाराणी स्टुलावर बसली आहे. मघाशी मी तिला विचारलं, मधल्या धारेत इतका वेळ काय करत होतीस?

ती म्हणाली, "रागवू नका."

"न्हाय."

"शिव्या दिल्या."

"कुणाला?"

"नदीला. माझ्या अप्पांनी इतकी वर्सं तुला ओटी आणली आणि तू त्यांचा पाय घेतलास, आसं म्हणलं. आणि आजून लई काय काय म्हणलं. लालासाबकाका टायर काढताना देत्यात त्या सगळ्या."

पाय नदीनं घेतला नाही, हे मला माहीत आहे. मुंग्या येत होत्या आणि मी नाही म्हटलं होतं. तिला तसं सांगणार होतो. पण तोंड उघडलं आणि रडूच आलं, मोठ्यानं, पोरासारखं. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. वर्षाराणीनं माझं डोकं धरलं. तिच्या हातांना अजून नदीचा वास येत होता. मला भीती वाटत होती. वरपासून खालपर्यंत नाही, जिथपर्यंत कळतं तिथपर्यंत.

न्यायला माणसं आली आहेत. डायरी तिच्याकडं देतो.